हिरो जेवला कवा?

अव्वा, तुझी लेक शंभर जणांत चौथी आली. शाळेत कधी पहिल्या दहात नव्हते हे तुला माहीतच आहे, म्हणून आधी हेच सांगते. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात, तिथं पडलेल्या बंदुका उचलतात आणि एकमेकांना मारत सुटतात, शेवटी जो उरेल तो जिंकला, असा मोबाईलवरचा खेळ आहे. मी रोज कंपनीच्या बसनं कुपवाडला जाते, तिथं एका कारखान्यात तपासणीला असते. तयार झालेले नग मोजायचे, मापात नसतील ते नापास करून बाजूला काढायचे, हे माझं काम. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं जेवणाच्या सुट्टीत तो खेळ माझ्या फोनमध्ये घालून दिला. खेळ सुरू झाला, समोर एक माणूस दिसला, तर ही ओरडायला लागली, "आवं काकी, गोळी मारा की!" म्हटलं, "कुणाला? ना वळख ना पाळख, त्यानं माझं काय घोडं मारलंय?" तेवढ्यात त्यानंच मला मारलं. दुसऱ्या खेपेला मी बंदूक उचललीच नाही. एका पडक्या घराच्या न्हाणीत जाऊन बसले. बाहेर ठो ठो चाललेलं, आणि मी आपली बादलीमागं गप्प. आवाज जवळ आला की पळत दुसऱ्या घराच्या न्हाणीत. अशी बसून बसून चौथी आले, अव्वा, मुंगीसुद्धा न मारता. पोरीनं कपाळावर हात मारून घेतला. "काकी, तुमी लय भारी हाय, पण ह्येला खेळणं म्हणत न्हाईत." बाकीच्या बायका डबे सोडून बघायला आल्या होत्या, त्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

तूही वाजवल्या असत्यास, कारण बंदूक उचलायची नाही हे मला तूच शिकवलंस, आणि तेही बदकांवरून. मी सातवीत आहे. चुलत्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा खेळ आलाय. प्लास्टिकची बंदूक टीव्हीकडं रोखायची, गवतातनं बदकं उडतात, चाप ओढला की टपकन खाली. मी सतरा बदकं पाडलीत आणि भान हरपून किंचाळतेय. तू मला बोलवायला येतेस, हाताला पीठ तसंच, आणि दारातच थांबतेस. मला वाटतं, आता पाठीत धपाटा बसणार. पण तू बंदूक काढून घेतेस, मला टीव्हीपुढं उभं करतेस आणि म्हणतेस, "हात जोड. त्यांची क्षमा माग." चुलती पदराआड हसते, "आवं जाऊबाई, खोटी बदकं हायती ती!" तू म्हणतेस, "बदकं खोटी असतील. हिला मारताना आनंद झाला, त्यो खरा हाय न्हवं?" मग भाद्रपदात पर्युषण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळे एकमेकांना म्हणतो तसं मी टीव्हीतल्या बदकांना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हटलं. पुढं वर्षभर गल्लीतली पोरं मला बदक म्हणून हाका मारत होती आणि मला तुझा लय राग यायचा.

आता तू विचारशील, सत्तेचाळिसाव्या वर्षी ही बया खेळ का खेळत बसलीय. तर अव्वा, तुला एक नात आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी झाली. इंजिनियर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि वर्ष भरायच्या आत ती सोडून साताऱ्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. का, तर व्हिडिओ गेम तयार करायला. आषाढात घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. तुझं शांतपण माझ्यात उतरलंच नाही, मी आप्पांचं डोकं घेतलं. तवा तापलेला, मीही तापलेली. म्हटलं, "माणसाच्या पोटाला कायतरी लागंल असं काम कर. तुझ्या खेळानं कुणाचं पोट भरतंय गं?" अजून बरंच बोलले, ते लिहायची मला लाज वाटते. ती भांडली नाही. पिशवी भरली, पायात चपला घातल्या, "दाखवते" एवढंच म्हणाली आणि पुढ्यातली भाकरी तशीच टाकून गेली. तेव्हापासून फोन नाही. आपल्या वडलांशी बोलते, हे फोन आला की फाटकापाशी जाऊन बोलतात, जणू मी बहिरी आहे. मीही केला नाही. मोठी मी, आधी तिनं करावा, हा माझा हेका. पण मनातनं पोखरत होतं. पोरगी गेली ती गेलीच की काय, असं भांडी घासताना एकदम वाटायचं आणि हात थांबायचा. म्हणून म्हटलं, जिनं माझी पोरगी पळवली ती अवदसा दिसते तरी कशी, ते बघून घेऊ. तिनं शिकत असताना घेतलेला कॉम्प्युटर घरीच होता. त्याच्यावर काय काय खेळ भरून ठेवले होते तिनं.

त्यातला एक शेतीचा. तुला आवडला असता, आणि तू त्याच्यावर हसलीही असतीस. एका माणसाला आजोबांची पडीक जमीन मिळते, तो भोपळे लावतो, आणि चार दिवसांत भोपळा तयार! चार दिवसांत आमच्याकडं उसाला पाण्याची पाळीसुद्धा येत नाही. वीज कधी जात नाही, डुकरं शिरत नाहीत, बांधावरनं भाऊबंद भांडत नाहीत. हे मागनं बघत होते, म्हणाले, "ह्या गड्याला म्हणावं, एकदा आमच्या इस्लामपूरला येऊन शेती करून दाखीव." पण एक गोष्ट मला पटली. त्या माणसाला भूक लागते. कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते, काम करत गेलं की ती उतरते, आणि खायला घातलं नाही तर तो रानातच चक्कर येऊन पडतो. तो पहिल्यांदा पडला तेव्हा मला तुझाच आवाज ऐकू आला. मी घाईघाईनं त्याला भोपळ्याचं सूप पाजलं आणि मग तासभर नुसती त्याला वेळेवर जेवायला घालत बसले. शेतीकडं लक्षच नाही. हे म्हणाले, "अगं, जावई आलाय काय?"

सिनेमेही बघितले. एक मोठा, घरीच टीव्हीवर, कुठल्याशा गुप्तहेराचा. तो पाच देश फिरला, सहा गाड्या फोडल्या, दोन बायकांवर प्रेम केलं, आणि अडीच तासांत हातात फक्त एक कॉफीचा कप. तोही रिकामा! भरलेला कप माणूस असा हलवत बोलेल का? सगळा सदरा भिजेल. दुसरा बघितला कंपनीतल्या बायकांबरोबर, थेटरात. एक धनगराचा म्हातारा परगावी वारतो आणि त्याच्या बारा शेळ्या एक बाई टेम्पोतनं माणदेशात त्याच्या घरी पोचवते, बस, एवढाच सिनेमा. रस्ते, माळ, बाभळी, ऊन. बरोबरच्या बायका पेंगल्या. पण ती बाई दर थोड्या वेळानं टेम्पो थांबवायची, शेळ्यांना पाला घालायची, फडक्यातली भाकरी सोडायची, आणि एकदा तर शेळीचं दूध काढून त्याचाच चहा करून प्याली. शेवटी म्हाताऱ्याची बायको दारात येते. बाई काही बोलायच्या आत ती विचारते, "तू जेवलीयास का?" अव्वा, मी अशी हुंदके देऊन रडले की पुढच्या रांगेतल्यांनी वळून बघितलं. बाहेर पडल्यावर कुणाला तरी हा सिनेमा पहिल्यापासून सांगावा असं वाटलं. कुणाला सांगणार? सिनेमा ऐकणारी एकच बाई मला माहीत होती.

रविवारी थेटरात तीनचा खेळ. आप्पा मला घेऊन जायचे, तू कधीच यायची नाहीस. परत आलो की आप्पांना विचारून उपयोग नव्हता, "चांगला हाय" यापलीकडं त्यांची गाडी जायची नाही. मग तू मला चुलीपाशी बसवायचीस, ताटात गरम भाकरी टाकायचीस आणि म्हणायचीस, "हां, सांग. पाट्या पडल्यापास्नं." मी अगदी सुरवातीच्या नावांच्या पाट्यांपासनं सांगायची. मारामाऱ्या हातांनी करून दाखवायची, गाणी म्हणून दाखवायची. आणि तुझा प्रश्न ठरलेला. हिरो घरातनं निघाला, डोंगर चढला, गुंडांना भिडला, की तू हात वर करायचीस, "थांब. त्यो जेवला कवा?" सिनेमात कुठं जेवलेला असायचा! पहिल्यांदा मी खरं सांगितलं, "न्हाई जेवला." तर तुझं लक्षच उडालं. उपाशी माणूस इतका मारतोय कसा, हेच तुझ्या डोक्यात. तेव्हापासून मी मधे जेवणं घालायला लागले. डोंगर चढायच्या आधी हिरोला आईनं झुणका-भाकरी बांधून दिली. जेलमधनं पळून आला तेव्हा एका म्हातारीनं ताक दिलं. एकदा तर व्हिलनलासुद्धा मी गव्हाची गोड हुग्गी वाढली, तेव्हा तू म्हणालीस, "त्येला कशाला? बरं, असू दे. त्येलाबी आई असंलच की." तुझ्या सगळ्या सिनेमांतली माणसं पोटभर जेवलेली होती ती अशी.

तू सिनेमाला का यायची नाहीस, हे तू गेल्यावर मावशीनं सांगितलं. मी पाच वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा तू बस्तीत देवदर्शनाला जाऊन मुनिमहाराजांपुढं नियम घेतलास. बायका असा नियम घेताना बटाटा सोडतात, कुणी गूळ सोडतं. तू म्हणालीस, सगळ्यात आवडतं ते सोडते, आणि सिनेमा सोडलास. मावशी म्हणाली, लग्नाआधी तू शाळेला दांडी मारून सिनेमे बघायचीस, एकेक तीनतीनदा. मी बरी झाले आणि तुझा सिनेमा गेला. मग मी जरा मोठी झाल्यावर तुलाच ही पळवाट सापडली. मावशीनं टोकलं तर तू म्हणालीस, "बघायचा न्हाई म्हटलंय. ऐकायचा न्हाई असं कुठं म्हटलंय?"

यंदा पर्वाच्या पहिल्या दिवशी माझ्या पोरीनं फोनवर काहीतरी पाठवलं. शब्द एक नाही, नुसती लिंक, तिच्या खेळाची. मी दहा दिवस उघडली नाही. ह्यांना म्हटलं, पर्वात खेळ कसला. खरं म्हणजे भीती वाटत होती. चांगला निघाला तर माझं तोंड कुठं राहील, आणि वाईट निघाला तर तिचं काय होईल. आज क्षमावाणी. सकाळी बस्तीत जाऊन आले, ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना "उत्तम क्षमा" म्हटलं, जिच्याशी तीन वर्षं पाण्यावरनं भांडण आहे त्या शेजारणीलाही म्हटलं. घरी येऊन फोन हातात घेतला आणि लिंक उघडली. खेळाचं नाव "दिवेलागणीच्या आत". एक स्वयंपाकघर उघडलं. डाव्या हाताला चूल, फळीवर पितळी डबे, कोपऱ्यात हंडा, आणि पाठमोरी एक म्हातारी बाई. तिचा चेहरा दिसतच नाही. तुझा एकच फोटो आहे घरात, त्यातही तू खाली बघतेस, पोरगी चेहरा काढणार कुठनं? पण पदर खोचायची ती तऱ्हा बघून मी ओरडलेच, "अव्वा!" हे चष्मा लावून बघायला आले आणि म्हणाले, "अव्वा कुठली? ही तूच हायस की."

खेळ असा. खिडकीतनं उन्हाची तिरीप भिंतीवर पडलेली असते आणि ती हळूहळू वर सरकते. ती छताला टेकायच्या आत घरातल्या सगळ्यांना जेवायला घालायचं, कारण या घरात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. पाणी फडक्यातनं गाळायचं, आणि गाळल्यावर फडकं उलटं करून त्यातले जीव परत आडात सोडायचे, ते विसरलं तर आडाचं पाणी गढूळ होतं. गुळाच्या डब्याला मुंग्या लागतात, त्यांना मारता येत नाही, बाजूला चिमूटभर पीठ टाकलं की रांग तिकडं वळते. हे सगळं तुझं, अव्वा! हे मी तिला लहानपणी भरवताना सांगितलेलं, आणि मला वाटायचं पोरीचं लक्ष पंख्याकडं आहे. तर मी खेळायला लागले. चूल पेटवली, भाकऱ्या टाकल्या, शेतातनं आलेल्याला वाढलं, शाळेतनं आलेलीला वाढलं, पाहुणा आला त्यालाही वाढलं. सगळ्यांची ताटं झाली, आता म्हातारीचं घ्यावं, तर तिरीप छताला टेकली. पडदा अंधारला आणि अक्षरं आली, "आज ती उपाशी राहिली." पुन्हा खेळले. भाकरी पटपट थापली. पुन्हा तेच. मुंग्यांकडं दुर्लक्ष केलं, पाहुण्याला अर्धंच वाढलं, तरी तेच. आठ खेपा, अव्वा! अठ्ठावीस वर्षं रोज दोन वेळचं रांधणारी बाई मी, आणि एका म्हातारीला वेळेत जेवू घालता येईना. मग मात्र राग आला आणि रागाच्या भरात, हेका बिका विसरून, मी पोरीला फोन लावला.

हॅलो न म्हणताच सुरू केलं. "तुझा नग नापास. तपासणीत चूक निघाली."

तिकडनं हळूच आलं, "काय चूक?"

"दिवस लहान केलायस तू. सगळी जेवत्यात आणि म्हातारी उपाशी राहतीय. आठ खेपा झाल्या."

"दिवस बरोबर हाय, आई. तू तिला बस म्हणालीस का?"

"कुठं बस?"

"जेवायला. सगळ्यात आधी. फळीवरचं ताट काढून तिच्यापुढं ठेव की. मग बाकीची येत्यात, आपापलं घेत्यात वाढून. माझ्या मैत्रिणींना हे दुसऱ्या खेपेला सुचलं. तुला सुचणार न्हाई, माहीत होतं मला."

फोन तसाच चालू ठेवून मी नवव्यांदा खेळले. चूल पेटली, पहिली भाकरी फुगली, आणि शेतातनं आलेला माणूस दारात उभा असताना मी फळीवरचं ताट काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. आधी काही झालंच नाही. मग ती पाठमोरी बाई सावकाश खाली बसली. दारातला माणूस आत आला, हात धुतले आणि आपलं आपण वाढून घेतलं. पाहुण्यानं पाण्याचा तांब्या भरला. शाळेतली पोरगी येऊन बाईशेजारी मांडी घालून बसली. तिरीप अजून भिंतीवर अर्ध्यातच होती. मग बाईच्या डोक्यावर अक्षरं उमटली, "हां, सांग. पाट्या पडल्यापास्नं." खेळ तिथंच संपतो. मला पुढचं नीट दिसेना. पोरगी फोनवर "आई? आई, हायस न्हवं?" करत होती.

तुझी पद्धत मला आठवली. क्षमावाणीला तू सगळ्यात आधी माझ्यापुढं हात जोडायचीस, मी एवढीशी, मला हसू यायचं. मी म्हणायची, मोठ्यानं कशाला मागायची? तू म्हणायचीस, "मोठ्यानं मागितल्याबिगर बारक्याला यायची कुठनं?" मी म्हटलं, "ऐक गं. उत्तम क्षमा. पोटाचं बोलले ते चुकलं माझं." तिकडं नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "उत्तम क्षमा, आई. उद्या येऊ?" म्हटलं, "ये. दिवस मावळायच्या आत ये, आणि येताना खेळातल्या त्या भाकरीला जरा काळे डाग काढ, तसली पांढरीफटक भाकरी आपल्यात कुणी खाईल का?" ती खळखळून हसली. अडीच महिन्यांनी ऐकलं ते हसू. नग पास केला मी, अव्वा.

हे सगळं तपासणीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही, आणि उद्या पोरीलाही वाचायला देणार नाही. कारण एक गोष्ट तिच्या खेळात नाही, ती मी तिला कधी सांगितलेली नाही. थंडीच्या दिवसांत तीनचा खेळ सुटून आम्ही घरी यायचो तेव्हा ऊन पार उतरलेलं असायचं. तू लेकराआधी जेवायची नाहीस, म्हणून थांबलेली असायचीस. आलं की मला वाढायचीस आणि ऐकायला बसायचीस, आणि खिडकीत अंधार पडायचा. मग म्हणायचीस, "माझं झालंय." तुझं झालेलं नसायचं. फळीवर ताटावर ताट झाकलेलं असायचं आणि सकाळी ते म्हशीपुढं जायचं. हे मी नऊ वर्षांची असताना बघितलं होतं. दोन मिनिटांत गोष्ट आवरली असती तर तू चार घास खाल्ले असतेस. मला ते कळत होतं. पण तू अशी गालाला हात लावून, डोळे एवढाले करून माझ्याकडं बघत बसायचीस, तेवढं मला सोडवायचं नाही. म्हणून मी हिरोला अजून एकदा जेवायला बसवायची.